वस्तीवरच्या दुधाच्या नोंदी गायब होतात, घरी टेस्ट केलं तर होत नाहीत (सी, सॉकेट)

काटा_वाळवा
नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरचं दूध संकलन केंद्र आहे, वडील बघतात. एक काटा गावात, दुसरा मळ्यातल्या वस्तीवर. दर दहा दिवसांनी वहीवरनं बिलं काढताना घरात भांडण ठरलेलं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी सी भाषेत एक सोय केली. दोन्हीकडे जुने लॅपटॉप, लिनक्स, मोबाइलचा डोंगल. काट्यावरचे लिटर आणि मशीनवरची फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) टाइप केली की क्लायंट, म्हणजे लॅपटॉपवरचा प्रोग्राम, सभासदाची चिठ्ठी छापतो आणि ओळ भाड्याच्या सर्व्हरला पाठवतो.

ओळ अशी असते: ०१४२,६.५,६.८,९.१ म्हणजे सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ. स्ट्रलेन (ओळीची लांबी) एवढेच बाइट सेंड करते. सर्व्हरला १०२४ बाइटचा बफर (तात्पुरती जागा), त्यात रिसीव्ह, आलेल्या बाइटच्या पुढे शून्य (मजकूर संपल्याची खूण), मग एसस्कॅनएफने (मजकुरातून आकडे वाचणारं फंक्शन) चार आकडे काढून फाइलमध्ये. कनेक्शन सकाळी एकदा उघडते, संकलन संपेपर्यंत तेच.

घरी एकाच लॅपटॉपवर दोन्ही चालवून शंभर नोंदी टाकल्या, एक चुकली नाही. वस्तीवर मात्र रोज एखाददुसरी गायब. एरर नाही, सेंड बरोबर तेवढेच बाइट परत सांगतं. परवा २०७ नंबरच्या आजी चिठ्ठी घेऊन दारात उभ्या: "मंगळवार सकाळचं चार लिटर कुठं गेलं गं माझं?" वडील म्हणतात, वही काय वाईट होती.

शून्य_पासून
बफर मेमसेट (शून्याने साफ) करतेस का दर वेळी? आणि दोन सेंडच्या मध्ये एक सेकंद स्लीप टाक. कॉलेजच्या प्रोजेक्टला आमचं असंच सुटलं होतं.

काटा_वाळवा
मेमसेट पहिल्या दिवसापासून आहे. आणि दादा, स्लीपची गरजच नाही. एका सभासदाचं माप व्हायला अर्धा मिनिट तरी जातोच.

जुना_एक्स्चेंजवाला
ताई, मंगळवारी सकाळी २०७ च्या आधी कोणाचं माप झालं होतं? त्या सभासदाची ओळ सर्व्हरच्या फाइलमध्ये जशी आहे तशी इथे टाक. गोल करू नकोस.

काटा_वाळवा
१४२ चं. फाइलमध्ये %एफने (सहा दशांश) लिहिते, त्यामुळे शून्यं खूप दिसतील:
१४२ ६.५००००० ६.८००००० ९.१०२०७०

जुना_एक्स्चेंजवाला
शेवटचा आकडा पुन्हा वाच. ९.१ च्या मागे काय चिकटलंय?

काटा_वाळवा
अगं आई. ०२०७.
बिलावर एकच दशांश छापते, म्हणून ९.१ च दिसायचं.

जुना_एक्स्चेंजवाला
सापडल्या आजी. आता नीट बस, जरा लांबण लावतो. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, सवय जात नाही.

तू दोनदा सेंड केलंस म्हणून पलीकडे दोनदा रिसीव्ह होईल असं तू धरून चाललीस. टीसीपीने (दोन मशीनमध्ये बाइट नेण्याच्या नियमांनी) असं वचन कधीच दिलेलं नाही. १९८१ च्या आरएफसी ७९३ (टीसीपीचा लेखी नियम) पासून ते एकच सांगतं: बाइट क्रमाने पोचतील. तुझी ओळ कुठे संपली हे त्याला ठाऊक नाही, ठाऊक असायचं कारणही नाही. तुझ्या सर्व्हरला एकाच रिसीव्हमध्ये हे मिळालं:
०१४२,६.५,६.८,९.१०२०७,४.०,६.२,९.०
एसस्कॅनएफने चार आकडे उचलले, बाकीचे सोडून दिले. त्याची चूक नाही, तू चारच मागितलेस. (४.०, ६.२, ९.० मी अंदाजाने घातलेत, आजींच्या चिठ्ठीवर बघ.)

अर्ध्या मिनिटाचं अंतर असून चिकटल्या कशा? वस्तीवर रेंज जाते. १४२ ची ओळ निघाली, पोच आली नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) ती पुन्हा पाठवतो, पोच नाही, दुप्पट थांबून पुन्हा, मग त्याच्या दुप्पट. तोवर तू २०७ ची ओळ दिलीस. ती मागे रांगेत. रेंज आली की दोन्ही जवळपास एकदमच पोचतात आणि सर्व्हरच्या बफरात शेजारी बसतात. घरी एकाच मशीनमध्ये रेंज जायचा प्रश्नच नाही, म्हणून शंभरच्या शंभर बरोबर आल्या.

उलटंही होऊ शकतं, एक ओळ दोन रिसीव्हमध्ये तुटून येणं. तेव्हा एसस्कॅनएफ चारऐवजी दोन किंवा तीन परत देईल. तू त्याची परत आलेली किंमत बघतेस का? वाटत नाही.

उपाय साधा. प्रत्येक ओळीच्या शेवटी नवीन-ओळ अक्षर पाठव. सर्व्हरवर प्रत्येक कनेक्शनला स्वतःचा साठा ठेव. रिसीव्ह जे देईल ते साठ्याच्या शेवटी जोड, मग साठ्यात नवीन-ओळ शोध. सापडली की तिथवरचा तुकडा वाच आणि उरलेलं मेममूव्हने साठ्याच्या सुरुवातीला ओढ. सापडते आहे तोवर हेच कर, एकदाच करून थांबलीस तर तिसरी ओळ अडकून बसेल. रिसीव्हने शून्य दिलं म्हणजे पलीकडच्याने बंद केलं. उणे एक दिलं तर चूक कोणती ते एररनोमध्ये बघ.

आणखी एक दिसलं. बफर १०२४ चा, रिसीव्हलाही १०२४, वर पुढच्या घरात शून्य. पूर्ण भरला तर ते घर तुझं नाही. एक कमी माग.

वस्तीवर जाऊन तपासायची गरज नाही. रिसीव्हला १०२४ ऐवजी ५ दे, सगळ्या ओळी तुटून येतील. मग पहिल्या रिसीव्हच्या आधी दहा सेकंद स्लीप टाकून तीन नोंदी पाठव, चिकटून येतील. दोन्हीत फाइल बरोबर आली तर जिंकलीस.

रात्रपाळी
एवढं कशाला, टीसीपी नोडिले ऑन करा. नेगल (छोटे तुकडे थांबवून एकत्र पाठवायची टीसीपीची युक्ती) बंद झाला की पॅकेट चिकटत नाहीत.

जुना_एक्स्चेंजवाला
दादा, हा सल्ला फार फिरतो. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये ती युक्ती मांडली ती एका अक्षरामागे ४० बाइटचं हेडर जाऊ नये म्हणून. ती बंद केलीत तर तुकडे लवकर निघतील, पण सर्व्हर रिसीव्हला उशिरा आला की बफरात सगळं एकत्रच असणार. रोग तिथेच राहतो, फक्त कमी वेळा दिसतो. ते मला जास्त वाईट वाटतं.

रात्रपाळी
मान्य. मग माझी खरी शंका: सर्व्हर एका वेळी एकच क्लायंट घेतो का? गावाचं कनेक्शन सुरू असताना वस्तीचा क्लायंट आला तर कनेक्ट यशस्वी होईल, सेंडही होईल, कारण सर्व्हरने ॲक्सेप्ट न करताही (जोडणी हाती न घेताही) कर्नल लिसनच्या रांगेत जोडणी पूर्ण करून ठेवतो. आणि गावात लाइट आणि लॅपटॉपची बॅटरी दोन्ही गेली, तर सर्व्हरला कळणारच नाही, तो रिसीव्हवर बसून राहील. लिनक्सचं कीपअलाइव्ह (पलीकडचा आहे का ते अधूनमधून विचारणं) चालू केलं तरी ते मुळात ७२०० सेकंदांनी हलतं. दोन तासांत दूध डेअरीला पोचतं.

काटा_वाळवा
हो, एकच घेतो. वस्तीवाले मग गावाचं संपेपर्यंत थांबतात असं वाटायचं, पण चिठ्ठी तर लगेच निघायची! म्हणजे सेंड झालं याचा अर्थ पोचलं असा नाही?

जुना_एक्स्चेंजवाला
सेंड झालं म्हणजे तुझ्याच मशीनच्या कर्नलने ते घेतलं. एवढंच. नोंदीला अनुक्रमांक दे, सर्व्हरने फाइलमध्ये लिहिल्यावर तोच अनुक्रमांक परत पाठवावा, तो आल्यावर चिठ्ठी छाप. नाही आला तर पुन्हा पाठव, सर्व्हरने दुसऱ्यांदा आलेला क्रमांक लिहू नये, फक्त पोच द्यावी. दोन क्लायंटसाठी पोल (एकाच प्रोग्रामने अनेक जोडण्यांवर लक्ष ठेवणं) शिक, थ्रेड (प्रत्येक जोडणीला वेगळा धागा) नको.

काटा_वाळवा
चार दिवसांनी आले. ५ बाइटची युक्ती केली, पहिल्याच धावेत माझा जुना सर्व्हर ढासळला, बघवेना. आता साठा, नवीन-ओळ, अनुक्रमांक सगळं आहे. रविवारी वस्तीवर डोंगल काढून परत लावला, तीन ओळी एकदम आल्या आणि तिन्ही वेगळ्या उतरल्या. पोल अजून जमलं नाही, तोवर दोन पोर्टवर दोन सर्व्हर चालवतेय, हसू नका.

वडिलांना समजावताना सांगितलं, कॅनमधलं दूध टँकरात ओतल्यावर कुणाचं कुठलं ते कसं कळणार. ते लगेच म्हणाले, टँकरात मिसळतं, तुझ्या तारेत तर क्रमानं येतं म्हणतेस.

जुन्या फाइलमध्ये एसएनएफला एकापेक्षा जास्त दशांश असलेल्या ओळी शोधल्या. अकरा निघाल्या. नंबर तिथेच लपलेले, लिटर चिठ्ठ्यांवरनं घेतले. आजींचे पैसे या बिलात लागले. तीन ओळी चिकटल्या असतील तिथला तिसरा सभासद मात्र फाइलमध्ये कुठेच नाही, त्यासाठी काल संध्याकाळी सगळ्यांना महिन्याभराच्या चिठ्ठ्या घेऊन बोलावलं. निम्म्यांनी चुलीत घातल्यात.