ऑस्करचं खाणं आणि सोबती
टँकमधल्या ऑस्कर माशाला रोज छोटे गोल्डफिश देतोय, सोबत कोरीडोरास (तळाशी राहणारा छोटा कॅटफिश) ठेवू का, असं एकाने विचारलंय. दोन्हीला माझं ‘नको’. गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, ते बी१ जीवनसत्त्व मोडतं. शिवाय खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या माशांसोबत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फुकट येतो, तो वेगळाच. जिवंतच द्यायचं तर घरी वाढवलेले गप्पी नाहीतर गांडुळं. माझा पठ्ठ्या गांडूळ दोऱ्यासारखं ओढतो, अर्धं तोंडाबाहेर वळवळत असतं! मुख्य खाणं मात्र पेलेट्सच (माशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या).

कोरीडोरास ऑस्करच्या तोंडात मावतो, पण काटे ताठ करतो आणि घशात अडकतो. कधीकधी दोघंही जातात. ऑस्कर ३० सेंमीपर्यंत वाढतो, तेव्हा त्याच्या तोंडाच्या आजच्या आकारावर जाऊ नका. टँक मोठा असेल तर सिल्व्हर डॉलर माशांचा थवा चालेल.