'बँडवॅगनेस्क' बिग स्टारची झेरॉक्स? मग हे ऐकाच

सुरावट

'षड्ज' यांनी काल लिहिलं की १९९१ साली 'स्पिन' मासिकाने निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' सोडून टीनएज फॅनक्लब या स्कॉटिश बँडच्या 'बँडवॅगनेस्क'ला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं, हा रॉक समीक्षेतला सगळ्यात मोठा आंधळेपणा आहे. वर हेही, की तो अल्बम म्हणजे बिग स्टार या सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन बँडची झेरॉक्स. दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून वेगळा धागा काढला.

आधी आंधळेपणाचं बघू. 'नेव्हरमाइंड' सप्टेंबरात आला आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला तो १९९२च्या जानेवारीत. 'स्पिन'ची यादी त्याआधीची. पुढे काय उलथापालथ होणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्यापुढे त्या वर्षीच्या रेकॉर्डी होत्या, त्यातली जी जास्त आवडली ती त्यांनी वर ठेवली. आणि निर्वाणाला त्यांनी वगळलं कुठे? दुसरा आर.ई.एम.चा 'आउट ऑफ टाइम', तिसरा 'नेव्हरमाइंड'. तिसरा क्रमांक देणं म्हणजे आंधळेपणा होत असेल तर बोलणंच खुंटलं. इतिहास कुणाच्या बाजूने गेला हे तीस वर्षांनी बघून तेव्हाच्या कानांना दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

आता झेरॉक्स. 'द कॉन्सेप्ट' हे पहिलंच गाणं घ्या. गिटारचा फीडबॅक, मग ते आळसावलेले कॉर्ड, डेनिम घालून स्टेटस क्वो या रॉक बँडच्या रेकॉर्डी आणायला निघालेली मुलगी. निम्म्यावर गाणं संपलंसं वाटतं. लय धीमी होते, शब्द निघून जातात, आणि पुढची तीन मिनिटं नुसते आकार, खाली तंतुवाद्यं, वर लांबत जाणारी गिटार. कुणाला कसली घाई नाही. बिग स्टारच्या पहिल्या दोन अल्बममध्ये असं सैल सोडलेलं काही असेल तर मला दाखवा. तिथे ॲलेक्स चिल्टनची, आणि पहिल्या अल्बमवर ख्रिस बेलचीही, गिटार ताठ आहे, प्रत्येक मात्रेला टोचते. ग्लासगोच्या या पोरांनी आवाजांची गुंफण तिकडून घेतली, हो घेतली, आणि ती रॉक गायक-गिटारवादक नील यंगसारख्या जाड, खरखरीत गिटारवर ठेवली. दोन्ही एकत्र त्याआधी कुणी इतकं गोड केलं होतं?

षड्ज

तारखेचा मुद्दा ठीक आहे, तो धरू. पण न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाने समीक्षकांची मतं मोजली ती काही आठवड्यांनीच, आणि तिथे 'नेव्हरमाइंड' पहिला आला. म्हणजे ऐकू येणाऱ्यांना येत होतं.

नकलेबद्दल मात्र मी तसूभर हलणार नाही. बिग स्टारच्या 'सप्टेंबर गर्ल्स'मध्ये डिसेंबरच्या मुलांचा उल्लेख आहे आणि इथे एका गाण्याचं नावच 'डिसेंबर'. पुढच्या अल्बमचं नाव 'थर्टीन', तेही बिग स्टारचंच गाणं. पहिला अल्बम 'अ कॅथलिक एज्युकेशन' १९९० सालचा, त्यात नुसता गोंगाट आहे. एका वर्षात हे मधाळ आवाज आले कुठून? कुठली रेकॉर्ड रात्रंदिवस लावली होती ते उघड आहे. 'घेतली' म्हणून हसत सोडून द्यायचं, तर मग कुणाच्याच नकलेला नक्कल म्हणू नये.

घोटीव_कागद

नक्कल नक्कल काय लावलंय? गाणी बसवून बघा एकदा. आमच्या बँडने 'व्हॉट यू डू टू मी' घेतलं होतं. दोन मिनिटांचं गाणं, शब्द जवळजवळ नाहीतच, एकच ओळ फिरून फिरून येते. एका संध्याकाळचं काम वाटलं. कॉर्ड झाले, ड्रम झाले, आणि आवाजांपाशी येऊन सगळं कोसळलं. आमचे तिघेही गाणारे चांगले होते, पण प्रत्येक जण स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून चढवून गायचा. रेकॉर्डवर नॉर्मन ब्लेक, जेरार्ड लव्ह आणि रेमंड मॅगिन्ली तसं करत नाहीत. आवाज सरळ लावलेला, कंप नाही, जोर नाही, कोण कुठे संपतो आणि कोण सुरू होतो ते कळत नाही. आम्हाला ते शेवटपर्यंत जमलं नाही. इतकी सोपी झेरॉक्स असती तर शेकडो बँडांनी काढली असती.

षड्ज

तुमच्या बँडला जमलं नाही हा पुरावा कसा होतो? अवघड नक्कलही नक्कलच.

घोटीव_कागद

पुरावा होतो, कारण मी ते गाऊन पाहिलंय आणि तुम्ही फक्त नावं जुळवताय.

मंद्रसप्तक

तुम्ही दोघं झेरॉक्स-झेरॉक्स करत बसा, मला मूळ कागदाचं काय झालं त्याचा राग येतो. बिग स्टारचा पहिला अल्बम '#१ रेकॉर्ड' १९७२ साली मेम्फिसच्या आर्डेंट कंपनीने काढला. बिलबोर्डपासून सगळीकडे परीक्षणं उत्तम. आणि दुकानात रेकॉर्डच नाही! वितरण स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीकडे, त्यांना सोल संगीत विकायची सवय, रॉकच्या दुकानांपर्यंत ते पोचलेच नाहीत. मग स्टॅक्सने कोलंबिया या मोठ्या कंपनीशी करार केला आणि कोलंबियाने उरलासुरला मालही वाऱ्यावर सोडला. विक्री दहा हजारांच्याही आत. ख्रिस बेल त्याच वर्षाच्या अखेरीस बँड सोडून गेला आणि १९७८च्या डिसेंबरात, वयाच्या २७व्या वर्षी, मोटार अपघातात मेला. समीक्षकांच्या कौतुकाचा त्याला काय उपयोग झाला? तेव्हा 'स्पिन'ने पहिला नंबर दिला की तिसरा, यावर इतकं भांडणारे लोक पाहिले की माझं डोकं फिरतं. रेकॉर्ड माणसाच्या हातात पडली पाहिजे. बाकी सगळं नंतर.

सुरावट

याच्याशी शंभर टक्के सहमत, आणि म्हणूनच मी 'बँडवॅगनेस्क'च्या बाजूने बोलतोय. हा अल्बम क्रिएशन या ब्रिटिश कंपनीने काढला, त्याच वर्षी त्याच कंपनीने प्रायमल स्क्रीमचा 'स्क्रीमाडेलिका' आणि माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस' काढले. अमेरिकेत गेफेन कंपनीचं डीजीसी हे लेबल होतं, म्हणजे रेकॉर्ड दुकानात होती. ज्यांनी ती ऐकली त्यातले किती जण मागे वळून बिग स्टारकडे गेले! मी स्वतः त्यातलाच. मित्राने कॅसेट भरून दिली होती, एका बाजूला 'बँडवॅगनेस्क', आणि उरलेल्या जागेत 'सप्टेंबर गर्ल्स'. कुठलं कुणाचं हे लिहिलंच नव्हतं. १९९२ साली रायकोडिस्क कंपनीने बिग स्टारचा तिसरा अल्बम 'थर्ड' आणि बेलचा 'आय ॲम द कॉसमॉस' बाहेर काढला, १९९३ साली पोझीज बँडच्या दोघांना घेऊन चिल्टन आणि बिग स्टारचा ड्रमर जोडी स्टीव्हन्स मिसुरीत पुन्हा उभे राहिले. हवा तयार झाली होती, आणि ती तयार करण्यात फॅनक्लबच्या या चौघांचा हात आहे.

मंद्रसप्तक

हात असेल, पण सगळं श्रेय त्यांच्या पदरात टाकू नका. १९८६ साली बँगल्स या बँडने 'सप्टेंबर गर्ल्स' गायलं, आणि तो अल्बम लाखोंनी खपला. १९८७ साली रिप्लेसमेंट्स या बँडने चिल्टनच्या नावाचं गाणंच केलं. १९९१च्या आधी माहितगार लोक होतेच. फॅनक्लबवाल्यांना वाटतं जग त्यांच्यापासून सुरू झालं.

सुरावट

बँगल्सचं मान्य. 'फॅनक्लबवाले' हे मात्र उगाच.

मंद्रसप्तक

उगाच नाही. गेली कित्येक वर्षं बेलचं नाव काढलं की कुणीतरी टीनएज फॅनक्लबचं नाव पुढे करतं. माणूस हॉटेलात काम करत करत मेला, त्याची एकल रेकॉर्ड हयातीत जेमतेम एक निघाली. त्याच्याबद्दल बोलताना दुसऱ्याच्या वाहवाहीची पुरवणी कशाला जोडायची?

खर्जातला_कोमल

बेलबद्दल वाईट वाटतंच. पण धागा 'बँडवॅगनेस्क'चा आहे आणि मूळ प्रश्नच चुकलाय. त्यांचा सर्वोत्तम अल्बम 'ग्राँ प्री' आहे, १९९५चा. चाहत्यांना विचारा, समीक्षकांना नको. समीक्षकांनी १९९१ला डोक्यावर घेतलं आणि १९९३ला 'थर्टीन' येताच त्याच हातांनी खाली आपटलं. काय बदललं होतं? गाणी नाही, फॅशन बदलली होती. तरी 'ग्राँ प्री' ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेला आणि १९९७चा 'साँग्ज फ्रॉम नॉर्दर्न ब्रिटन' तिसऱ्यावर. एकाही मासिकाने या दोन अल्बमना वर्षातलं सर्वोत्तम म्हटलं नसतानाही लोक विकत घेत होते. ड्रमसुद्धा ऐका: ब्रेंडन ओ'हेअर हौशी, पॉल क्विन आल्यावर बँडला कणा मिळाला.

घोटीव_कागद

ओ'हेअरला हात लावायचा नाही! 'स्टार साइन'मध्ये मिनिटभराचा तो धूसर आलाप संपतो आणि ड्रम धाडकन उघडतात, तेवढ्यासाठी मी अल्बम लावतो. क्विन नीटनेटका आहे, पण नीटनेटकेपणाने अंगावर काटा येत नाही.

पडद्यामागे

अवांतर: कोणी २०१८ची विनाइल आवृत्ती ऐकलीय का? लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत नव्याने मास्टर केलेली. माझ्या जुन्या सीडीपेक्षा 'अल्कोहॉलिडे'च्या शेवटी गिटारचे थर वेगवेगळे ऐकू येतात. आवाज उगाच चढवलेला नाही. हल्ली पुनर्प्रकाशनाच्या नावाखाली सगळं ठोकून ठोकून सपाट करतात, त्याच्या मला चीड आणणाऱ्या इतक्या गोष्टी आहेत की वेगळा धागा होईल.

षड्ज

काढा वेगळा धागा, इथे नको.

सुरावट, तुमच्या सांगण्यावरून काल 'द कॉन्सेप्ट' पुन्हा ऐकलं, हेडफोन लावून, शेवटपर्यंत. तो उत्तरार्ध बिग स्टारमध्ये नाही, एवढं देतो. 'डिसेंबर' आणि 'गायडिंग स्टार'बद्दल माझं मत तेच आहे. आणि 'नेव्हरमाइंड' त्याच्या वरच आहे.

सुरावट

'नेव्हरमाइंड' वर ठेवा, माझी हरकत नाही. 'गायडिंग स्टार'वर मात्र तुम्हाला सोडणार नाही. डेथ कॅब फॉर क्यूटी बँडच्या बेन गिबर्डने २०१७ साली हा अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा गायला. त्यातलं 'गायडिंग स्टार' लावा, आणि मग मूळ लावा. दोन्ही ऐकून इथे या.