१० बाय ११ ची भाड्याची खोली, बजेट ४०००, सुरुवात कुठून करू? (इंदूर)

सुदामानगर_नवीन
नमस्कार मंडळी, नोकरीसाठी बुऱ्हाणपूरहून इंदूरला आलेय, सुदामानगरात एका मराठी काकूंकडे वरच्या मजल्यावर खोली मिळालीये. काकू फार चांगल्या आहेत पण एक अट पक्की, भिंतीत एकही खिळा ठोकायचा नाही. भिंती खालून अर्ध्या हिरव्या ऑइलपेंटच्या आणि वर पांढरा डिस्टेंपर, मधोमध एक ट्यूबलाइट, एक लोखंडी पलंग (काकूंचाच), बाकी माझी बॅग आणि पुस्तकांचे दोन खोके. खिडक्या दोन, दोन्ही ४ फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच, त्यातली एक पश्चिमेला त्यामुळे दुपारनंतर खोली नुसती भाजते. ऑफिसातून आल्यावर आत बसावंसंच वाटत नाही, खाली ओटल्यावर काकूंजवळ बसून राहते. अॅग्रीमेंट ११ महिन्यांचं आहे, पुढचं माहीत नाही, म्हणून जे घेईन ते उद्या सोबत नेता यायला हवं. बजेट ४०००, फार तर ४५००. मोबाइलवर फोटो बघते तर सगळे मोठमोठ्या फ्लॅटचे, त्यातलं माझ्या खोलीत काहीच बसत नाही. आधी काय घेऊ आणि इथे कुठून घेऊ, प्लीज सांगा.

रामबागची_मावशी
अगं आधी पडदे कर, बाकी सगळं नंतर. आणि विकतचे रेडिमेड घेऊ नकोस, आईची एखादी जुनी सुती साडी मागव. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो आणि तुझी खिडकी ४२ इंच उंच, म्हणजे साडी उभी नाही तर आडवी लावायची, पन्हा हीच पडद्याची उंची. वरचा काठ दोनेक इंच दुमडून टीप मारली की रॉड जायला जागा झाली, खालचा काठ आपसूक पडद्याची किनार होतो, खालून दुमडायची भानगडच नाही. पडद्याला चुण्या छान पडायच्या तर कापड खिडकीच्या दुप्पट लागतं, म्हणजे तुझ्या खिडकीला ८ फूट, आणि साडी असते साडेपाच मीटर म्हणजे १८ फूट, एका साडीत दोन्ही खिडक्या निघतात! आजीची नऊवारी मिळाली तर उरलेल्यात पलंगाखालचं सामान झाकायला झालरसुद्धा होईल. फक्त चांगली माहेश्वरी पश्चिमेच्या खिडकीला अजिबात लावू नकोस गं, आपल्याकडचं ऊन रंग पार उडवून टाकतं, जीव तुटतो बघून. त्या खिडकीला साडीच्या मागे एक जाड जुनी चादर लाव, सकाळी ऑफिसला जाताना दोन्ही ओढून जायचं.

भंवरकुआं_९७
मावशींच्या पडद्याला माझं पण मत. खिळ्याचं टेन्शन घेऊ नको ताई, स्प्रिंगवाला रॉड मिळतो, दोन्ही टोकांना रबर असतं, खिडकीच्या कोनाड्यात फिरवून घट्ट केला की बसतो, सुती पडद्याचं वजन आरामात घेतो. चादरीसाठी मागे दुसरा रॉड लाव, एकावर दोन्ही टांगले की ४ फुटांत मधून वाकतो.

आता लाइट. मला विचारशील तर खोली परकी वाटते ती त्या एकट्या पांढऱ्या ट्यूबमुळे, वरून सगळीकडे सारखा उजेड पडतो, खोलीत कुठेच कोपरा म्हणून राहत नाही. ट्यूब राहू दे, वाचायला लागेल, पण पलंगाजवळ खाली एक ९ वॅटचा वॉर्म व्हाइट एलईडी लाव, डब्यावर ३००० के किंवा २७०० के लिहिलेलं बघून घे (६५०० के म्हणजे परत तोच पांढराफटक). होल्डर, वायर, कागदी किंवा वेताची शेड, सगळं रानीपुऱ्याच्या बाजारात निम्म्या किमतीत होतं, घासाघीस कर. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र आयएसआय मार्कचाच घे, आणि त्यावर इस्त्री किंवा हीटर लावायचा नाही म्हणजे नाही.

चिकटणारे हुक घेशील तर खालच्या ऑइलपेंटवरच लाव, तिथे पक्के बसतात. वरच्या डिस्टेंपरवरून बोट फिरवून बघ, पांढरी पूड लागेल, हुक त्या पुडीलाच चिकटतो आणि रात्री धप्पकन खाली. काढताना हेअर ड्रायरने गरम कर आणि हळू सोडव.

मालवा_सुतारकी
पुस्तकांसाठी प्लॅस्टिकचा रॅक घेऊ नका, पुस्तकांच्या वजनाने तो वर्षात कंबर वाकवून उभा राहतो. चोइथराम मंडीत फळांच्या लाकडी पेट्या मिळतात, चार घ्या. घेताना आत हात घालायच्या आधी नीट बघा, खिळ्यांची टोकं बाहेर आलेली असतात, ती हातोडीने वाकवून चपटी करायची. लाकडात बारीक भोकं आणि खाली भुसा दिसला तर ती पेटी राहू द्या, कीड आहे. मग गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात ठेवा, आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवा घासला की ओरखडे उठतात आणि रंगानंतर जास्तच दिसतात. वर पातळ वॉर्निश. दोनावर दोन ठेवून सुतळीने किंवा बोल्टने बांधल्या की शेल्फ, भिंतीला हात लावायची गरज नाही. खोली सोडाल तेव्हा याच पेट्यांत पुस्तकं भरून न्यायची. टेबल-खुर्ची हवी असेल तर दिवाळीच्या साफसफाईत अटालेवाल्यांकडे (भंगारवाल्यांकडे) बघा, सागवानी खुर्च्या लोक फक्त वेत तुटला म्हणून देऊन टाकतात.

सुदामानगर_नवीन
मावशी, आईला फोन केला, साडी पाठवतेय आणि खूश झाली ती! पेट्यांचं पण नक्की. पण मावशी, चादर लावून खरंच थंड होईल का? रात्रीसुद्धा छत गरम लागतं. आणि जमिनीवर सतरंजी घेऊ की भिंतीवर लावायला काही? बाघ प्रिंट (ठशांनी छापलेलं कापड) मला फार आवडतं.

रामबागची_मावशी
रात्री तापतंय म्हणजे वरून, स्लॅबमधून येतंय ते, पडद्याने ते थांबणार नाही. काकूंना विचारून गच्चीला चुना मार. रंगपंचमी झाली की लगेच, ऊन चढायच्या आत. विरलेल्या चुन्याची पूड आण, पाण्यात कालवून थोडा डीडीएल गोंद घाल म्हणजे पायाला लागत नाही, आणि दोन हात दे. चुन्याचे खडे आणून प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवत बसू नकोस, पाणी पडलं की उकळतात ते. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. पांढरी गच्ची ऊन परत फेकते, फरक पहिल्याच रात्री कळेल, आणि काकूंच्या घराचाही फायदा आहे, त्या अर्धा खर्च देतील बघ. पावसाळ्यात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो.

सतरंजी घे. भिंतीवर आत्ता काही नको, ती हिरवी भिंत पेट्या आणि दिव्याच्या उजेडात चांगली दिसेल, आधी बघ तर खरं. बाघचं कापड घ्यायचंच तर चादर घे, रोज वापरात येईल. धार जिल्ह्यातलंच काम ते, मृगनयनीत (सरकारी एम्पोरियममध्ये) खात्रीचं मिळतं. पहिल्या दोनतीन धुण्यांत रंग थोडा सुटतो, तेव्हा थंड पाण्यात वेगळी धू आणि सावलीत वाळव, ऑफिसच्या पांढऱ्या कुर्त्यांबरोबर अजिबात भिजवू नकोस.