हल डर्बी २२-० : आनंद किती करायचा, आणि शेजारी बुडावा असं म्हणायचं का?

पूर्वकाठ (धागा, १६ फेब्रुवारी २०२४)

काल, १५ फेब्रुवारीला, रग्बी लीगच्या सुपर लीग या वरच्या विभागाच्या २०२४ च्या हंगामाची सुरुवातच हल डर्बीने, म्हणजे इंग्लंडच्या हल शहरातल्या दोन संघांच्या लढतीने झाली. आमच्या हल के.आर.ने हल एफ.सी.ला त्यांच्याच एमकेएम स्टेडियमवर २२-० असं हरवलं. एफ.सी.चे दोघे लाल कार्ड मिळून बाहेर गेले. त्यांच्या घरात जाऊन त्यांना एकही गुण करू द्यायचा नाही, ही काय चीज आहे ते पूर्व हलमध्ये राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हल नावाची नदी शहराच्या मधून वाहते. पश्चिमेला एफ.सी., १८६५ चा क्लब, काळा-पांढरा. पूर्वेला के.आर., १८८२ चा, लाल-पांढरा. फुटबॉलचा हल सिटी सगळ्या शहराचा, पण रग्बी लीगमध्ये घर कोणत्या काठाला यावर सगळं ठरतं.

आज सकाळपासून ऐकतोय की के.आर.वाल्यांनी फारच डोक्यावर घेतलंय, फेब्रुवारीतला एक सामना, गुणतक्त्यात मिळाले किती तर दोन गुण. मला हे अजिबात मान्य नाही. १९८५ नंतर आमच्याकडे एकही मोठा करंडक आलेला नाही. २०१५ ला चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात, लंडनच्या वेम्बलीत, लीड्सने ५०-० असं धुतलं. गेल्या ऑगस्टमध्ये पुन्हा वेम्बली, आणि ली संघाने गोल्डन पॉइंटवर (बरोबरीनंतर जो आधी गुण करेल तो जिंकतो) १७-१६ असं हरवलं. एका गुणाने! इतकी वर्षं ज्या लोकांनी आमचं मैदान, क्रेव्हन पार्क, भरलं, त्यांना हाताला लागलेला आनंद म्हणजे डर्बी. तो त्यांनी मोजूनमापून करावा असं सांगणारे आपण कोण?

पण एका गोष्टीवर मला आपल्याच लोकांशी भांडायचंय. काल परतताना बसमध्ये मंडळी ओरडत होती की एफ.सी. खालच्या विभागात जावी, बंद पडावी. हे मला चुकीचं वाटतं, मनापासून चुकीचं वाटतं. २०१६ ला आम्ही खाली गेलो आणि २०१७ च्या सुपर लीगमध्ये हल डर्बीच नव्हती. ते वर्ष विसरलात का?

---

काळापांढरा

पश्चिम काठावरून लिहितोय. अभिनंदन, काल तुम्ही सरस होता. आमच्या संघाचं बचावात लक्षच नव्हतं, आणि दोन गडी गमावण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही.

मात्र तुमचा दुसरा मुद्दा मला पटत नाही. २०१७ मध्ये डर्बी नव्हती, खरंय. आम्ही त्या वर्षी काय केलं? विगनला १८-१४ हरवून सलग दुसऱ्यांदा चॅलेंज कप जिंकला. मला तुमची आठवण आली नाही. २०१६ ला खाली कोण जाणार हे ठरवणाऱ्या सॉल्फर्डविरुद्धच्या सामन्यात दोन मिनिटंही उरली नव्हती, तुम्ही १८-१० ने पुढे होता आणि तरी हरलात, तेव्हा मी घरात नाचलो. आज पुन्हा तसं झालं तर पुन्हा नाचेन. तुमच्या लोकांनी आमचं वाईट चिंतलं तर मला राग येत नाही. उलट दया दाखवली की येतो. "बिचारी एफ.सी." हे ऐकण्यापेक्षा बसमधला आरडाओरडा परवडला.

आणि वेम्बलीबद्दल तुम्ही आम्हाला वर्षानुवर्षं काय ऐकवत होता ते विसरू नका. १९५९, १९६०, १९८०, १९८३, १९८५, २००८, २०१३, इतक्या वेळा आम्ही तिथून हरून आलो, आणि प्रत्येक डर्बीत तुम्ही तेच गाणं म्हणायचात. त्यामुळेच २०१६ च्या अंतिम सामन्यात आमच्या डॅनी हाउटनने ट्राय लाइनवर (जिच्या पलीकडे चेंडू टेकवला की ट्राय, म्हणजे गुण) बेन करीच्या हातातला चेंडू पाडला आणि आम्ही वॉरिंग्टनला १२-१० हरवलं, तेव्हा माणसं रडली. तुमच्या टोमण्यांशिवाय त्या टॅकलला इतकं मोल आलं नसतं.

---

पूर्वकाठ

शेवटचं वाक्य तर माझ्याच बाजूचं आहे. टोमणे मारणारा शेजारी शिल्लक हवा ना?

---

काळापांढरा

शेजारी हवा. पण तो एक वर्ष पायरीच्या खाली बसला तर मला चालेल, आणि ते मी तोंडावर सांगेन.

---

मेधा_हेसल

मी दोघांच्या मध्ये आहे. सासरे हेसल रोडचे, ट्रॉलरवर, म्हणजे मासेमारीच्या बोटीवर, काम केलेले, एफ.सी.चे कट्टर. नवऱ्याची आत्या लग्न करून पूर्वेला गेली आणि तिची सगळी मुलं के.आर.ची झाली. काल रात्री आत्येभावाने फोन केला आणि सासऱ्यांना फक्त "शून्य" एवढं म्हणून ठेवून दिला. सासरे आज कुणाशी बोलत नाहीत. त्यांचं वय पाहता मला तो फोन आवडला नाही, हे मी त्या भाच्यालाही सांगितलं.

सासरे १९८० च्या चॅलेंज कपच्या अंतिम सामन्याला गेले होते. दोन्ही हलचेच संघ वेम्बलीत, ३ मे, पंचाण्णव हजार प्रेक्षक. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर कुणीतरी पाटी लावली होती की शेवटी निघणाऱ्याने दिवे मालवावेत. के.आर. १०-५ ने जिंकलं. सासरे ती गोष्ट सांगतात तेव्हा आपण हरलो हे शेवटी, जरा हळू आवाजात येतं. आधी येतो तो रॉजर मिलवर्ड, समोरच्या संघाचा कर्णधार. सुरुवातीलाच जबडा मोडला आणि तरी तो खेळत राहिला. एफ.सी.चा माणूस इतक्या आदराने दुसऱ्याच्या खेळाडूचं नाव घेतो, हे मी घरात ऐकत आलेय. म्हणून "बंद पडावी" वगैरे ऐकलं की वाटतं, या लोकांना आपल्याच शहराची माहिती नाही.

---

लालजर्सी

मेधाताई, सासऱ्यांबद्दल आदर आहे. पण तुम्ही आणि पूर्वकाठ दोघं मिळून डर्बीचं हळदीकुंकू करताय. मी नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून क्रेव्हन पार्कला जातोय. शाळेत एफ.सी.ची मुलं जास्त होती, दर सोमवारी काय ऐकून घ्यावं लागायचं ते मलाच ठाऊक. काल मी ओरडलो, आणि एफ.सी. खाली जावी असंच ओरडलो. मला तेच वाटतं.

शिवाय एफ.सी.चा तो प्रशिक्षक. टोनी स्मिथ २०२२ पर्यंत आमच्याकडे होता, इथून निघाला आणि थेट नदी ओलांडून तिकडे गेला. त्याच्या संघाला शून्यावर ठेवलं, आमचा आताचा प्रशिक्षक विली पीटर्स, त्याच्या हाताखालच्या पोरांनी. याचा आनंद सभ्य भाषेत कसा करायचा ते मला येत नाही आणि शिकायचंही नाही.

---

अभ्यासू_लीड्स

लीड्सचा आहे, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खाईन. जरा खेळाबद्दल बोलूया का? एक गडी कमी असताना रग्बी लीगमध्ये काय होतं ते ध्यानात घ्या. एका संघाला सहा टॅकलपर्यंत चेंडू मिळतो, मग तो द्यावा लागतो. बचाव करणाऱ्यांची रांग मैदानाच्या पूर्ण रुंदीला पुरावी लागते. तेराऐवजी बारा जणांत ती ताणली जाते, अकरात तर कडेला भगदाडच पडतं. तेव्हा २२-० हा आकडा के.आर.ची ताकद किती सांगतो आणि एफ.सी.चा बेशिस्तपणा किती, हे वेगळं काढायला हवं. माझ्या मते दुसरा भाग मोठा आहे. के.आर.ने या निकालावरून हंगामाचे इमले बांधू नयेत.

---

पूर्वकाठ

शिस्त हासुद्धा खेळच आहे. यंदा डोक्याला होणाऱ्या संपर्काबद्दल पंच कडक राहणार हे हंगामाआधीच सगळ्यांना माहीत होतं, कोण डोकं शांत ठेवतो याचीही परीक्षा होणारच होती. आणि एकही गुण न देणं हे फक्त जास्त माणसांमुळे होत नाही. पुढे असताना संघ सैल पडतात, आमचे पडले नाहीत. मला काल सगळ्यात जास्त तेच आवडलं.

लालजर्सी, तुझ्या शाळेच्या सोमवारांबद्दल वाईट वाटतं. पण जरा व्यवहार बघ. आमच्या घरच्या सामन्यांत डर्बीइतकी गर्दी दुसऱ्या कशाला होते? ते पैसे क्लब चालवतात. आणि २०२५ पासून सुपर लीगमध्ये कोण राहणार हे आयएमजी या क्रीडा-व्यवसायातल्या कंपनीच्या गुणांकनावर ठरणार आहे, नुसतं तळाला गेलं म्हणून खाली असं राहणार नाही. प्रेक्षक, पैसा, मैदान, सगळं मोजणार. त्या हिशोबात शेजारी दुबळा झाला तर आपलंही नुकसान आहे.

---

लालजर्सी

गुणांकनासाठी मी एफ.सी.चं भलं चिंतू? दादा, हे तुम्ही काय बोलताय. क्लबच्या हिशोबनिसाने तो विचार करावा. मी तिकीट काढून ओरडायला जातो.

---

काळापांढरा

इथे मी लालजर्सीच्या बाजूने. हा माणूस मला समजतो.

---

सदाशिव_बी

पुण्यात कबड्डी खेळलेला माणूस, मुलगी हलला डॉक्टर आहे म्हणून हे सामने बघायला लागलो. पकडीतून सुटून रेषेपर्यंत हात पोहोचवण्याची ती धडपड पाहून मला पहिल्याच दिवशी हा खेळ आपला वाटला.

मुलगी रोज ए६३ ने जाते. त्या रस्त्याच्या एका भागाला क्लाइव्ह सलिव्हनचं नाव आहे, हे तिच्याकडून कळलं. वेल्समधून आलेला कृष्णवर्णीय विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू. आधी एफ.सी.साठी ढिगाने ट्राय केले, मग के.आर.मध्ये गेला, १९८० चा तो अंतिम सामना लाल-पांढऱ्या जर्सीत खेळला, आणि पुन्हा एफ.सी.कडे परतला. १९७२ ला ग्रेट ब्रिटनने विश्वचषक जिंकला तेव्हा तो कर्णधार होता. १९८५ ला गेला, फार लवकर. नदी ओलांडल्याबद्दल टोनी स्मिथला शिव्या घालणाऱ्यांना मी विचारतो, सलिव्हनने दोनदा ओलांडली, त्याला दोन्ही काठांनी डोक्यावर घेतलं ना?

---

लालजर्सी

काका, सलिव्हनशी कुणाची तुलना करू नका. ते नाव आमच्या घरातसुद्धा उभं राहून घेतात. पण त्याने मन जिंकलं ते मैदानावर अंग टाकून. प्रशिक्षकाने करार बदलला, एवढंच.

---

मेधा_हेसल

हे ठीक बोललास. आणि आज संध्याकाळी आत्येभाऊ येऊन गेला. सासरे त्याच्याशी अजून बोलले नाहीत, पण गुड फ्रायडेचं तिकीट त्याच्याकडूनच मागवलंय, २९ मार्च, क्रेव्हन पार्क. पाहुण्यांच्या बाजूचं हवं असं मला बजावून सांगायला लावलं.

---

काळापांढरा

मीही तिथेच असेन. पूर्वकाठ, तुम्ही आमचं भलं चिंता, मी तुमचं चिंतणार नाही. त्या दिवशी तुम्हाला हरवायचंय.