मदत हवी आहे: हनोईत घरे व रस्त्यावरचे जीवन कॅमेऱ्यात टिपताना परवानगी कशी घ्यावी?

डिसेंबरमध्ये पुण्याहून हनोईला जात असून, तेथील जुन्या भागातली अरुंद दर्शनी भागाची पण आत खोलवर गेलेली घरे आणि पदपथावर बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर चालणारी न्याहारी टिपण्याची मनापासून इच्छा आहे. व्हिएतनामच्या २०१५ च्या दिवाणी संहितेतील कलम ३२ नुसार एखाद्याचे छायाचित्र वापरण्यास त्याची संमती लागते, हे वाचले आहे. सरावासाठी पुण्यातल्या तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी ठोकून घडवणाऱ्यांच्या वस्तीत गेलो. परवानगी मागताच ठोके थांबले, कारागिराने सदऱ्याची बटणे लावली आणि ताठ उभा राहिला. न विचारता टिपणे मात्र परक्याच्या माजघरात डोकावण्यासारखे वाटते. छायाचित्रे विकायची नाहीत. भाषा येत नाही. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे: आधी खुणेने विचारून माणसे पुन्हा कामाला लागेपर्यंत थांबावे, की टिपून लगेच दाखवावे आणि नको म्हटल्यास पुसून टाकावे?