पावसाच्या पाण्याचा पीएच ६-७ येतोय, चंद्रपुरात हे शक्य आहे का?

विज्ञानशिक्षिका_चंद्रपूर: नववीच्या मुलांकडून पावसाच्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली आम्ल) मोजून घेतेय, काही ऊर्जानगरची, काही घुग्घुसची, काही मूल रोडकडच्या गावांतली, सगळे घरून बाटली भरून आणतात. एवढं मोठं थर्मल (कोळशावरचं वीज केंद्र) शेजारी म्हणजे अ‍ॅसिड रेन सापडणारच असं वाटलं होतं, पण पीएच पेपरवर सगळ्यांचं ६ ते ७ च्या मधेच येतंय. पोरं पार हिरमुसलीत. काय करू?

लॅबवाला: मॅडम, आधी मुलं पाणी कुठून भरतात ते विचारा. पागोळ्यांचं किंवा स्लॅबच्या पाइपचं असेल तर सरळ ओतून द्या, सिमेंटमधला चुना उतरतो आणि पीएच चढतो. झाडापासून लांब, मोकळ्यावर स्टूल, त्यावर बाटलीत नरसाळं, आणि पाऊस सुरू होईपर्यंत ते झाकलेलं, नाहीतर आधीची धूळ पण मोजली जाते. बाटली डिस्टिल्ड वॉटरनेच विसळा. आणि पेपर सोडा हो, पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी की पेपरमधल्या रंगानेच रीडिंग बदलतं. साधं पीएच मीटर आणा, ४ आणि ७ च्या बफरवर (पीएच ठरलेलं द्रावण) सेट करा, आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो तेवढं थांबा.

नागपूरकर: तरी ६ च्या वर आलं तर मुलांना सांगा की हाच खरा निष्कर्ष असू शकतो. स्वच्छ पावसाचा पीएचसुद्धा ७ नसतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ५.६ च्या आसपास असतो, त्याच्या खाली गेला तर अ‍ॅसिड रेन म्हणायचं. आपल्याकडे हवेत मातीची चुनखडीवाली धूळ असते, ती आम्ल मारते. त्यात घुग्घुसला सिमेंट आहे. शिवाय थर्मलची चिमणी उंच, धूर लांब जाऊन खाली येतो, म्हणून चिमणीखालचंच पाणी सगळ्यात आंबट असेल असं नाही. मला तर मूल रोडचे आकडे बघायची जास्त उत्सुकता आहे!

लॅबवाला: अजून एक, सरासरी काढताना पीएच नुसते बेरजेला लावू नका. एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट. ५ आणि ७ ची सरासरी ६ नाही, हायड्रोजन आयनवरून काढली की ५.३ येते. गणिताच्या सरांना बोलवा, नववीच्या मुलांना घातांक येतातच. आणि खंडानंतरचा पहिला पाऊस वेगळ्या बाटलीत घ्या, हवा धुऊन निघते ती त्यातच.