ऑक्सिजन कमी झाल्याचं मेंदूला कळतं कसं
कोणीतरी लिहिलंय की ऑक्सिजन कमी झाला की मेंदूला थेट कळतं, तर तसं नाहीये. मानेत मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीला दोन फाटे फुटतात तिथे तांदळाच्या दाण्याएवढी कॅरोटिड बॉडी असते, रक्तातला ऑक्सिजन कमी झालेला तिला कळतो आणि ती मेंदूला जोडलेल्या नवव्या नर्व्हमधून मेड्युलातल्या (ब्रेनस्टेमचा, म्हणजे मेंदूच्या देठाचा, खालचा भाग) एनटीएस या केंद्राला सिग्नल पाठवते. आणि एनटीएस नुसता निरोप पुढे ढकलत नाही हो, फुप्फुसं किती ताणली, बीपी किती, हेही तिथेच येतं आणि त्यावरून सिग्नल वाढवायचा की दाबायचा ते ठरतं. लेहला ३५०० मीटरवर पहिल्या रात्री झोपेत श्वास मध्येच थांबून परत जोरात सुरू होतो ना, त्यात हीच रस्सीखेच असते, कॅरोटिड बॉडी श्वास वाढवायला लावते, त्यात कार्बन डायऑक्साइड इतका उतरतो की ब्रेनस्टेम काही सेकंद श्वासच थांबवतं, मग तो परत साठला की पुन्हा सुरू.